अप्रेंटिसशिपचे बदललेले नियम: करार, विद्यावेतन, डीबीटी, परीक्षा

लेथमास्तर (धागाकर्ता)

आयटीआयचे निकाल लागले की इथे ठरलेले प्रश्न येतात: कंपनी अप्रेंटिस घेतेय, किती मिळतील, पुढे कायम करतात का. उत्तरं येतात ती निम्मी जुन्या नियमांवरची. २०१४ पासून कायदा बदलला, नियम बदलले, पैसे द्यायची पद्धतही बदलली. एका जागी लिहून ठेवतो. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

कायदा १९६१चाच, शिकाऊ उमेदवारी अधिनियम. आधी त्यात फक्त ट्रेड अप्रेंटिस होते (ट्रेड म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर असं काम). १९७३ला पदवी आणि डिप्लोमावाले आले, १९८६ला बारावी व्होकेशनल, म्हणजे आपल्याकडची एमसीव्हीसीची मुलं. २०१४ची दुरुस्ती २२ डिसेंबर २०१४ला लागू झाली. तिने ऑप्शनल ट्रेड आणले. सरकारी यादीत नसलेलं कामही कंपनी स्वतः अभ्यासक्रम आखून शिकवू शकते, मुदत ६ ते ३६ महिने. बीए, बीकॉमवाल्यांनाही दार उघडलं. मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची जी तरतूद होती ती काढून दंड ठेवला. त्या दंडाचं गणित खाली कुणीतरी मांडेलच, मजेशीर आहे.

२०१९ला नियम पुन्हा बदलले. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर मालकाच्या मर्जीवर. आधी हे आकडे ४० आणि ६ होते. किती घ्यायचे? एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. या 'एकूण'मध्ये कंत्राटी माणसंही मोजायची, आणि इथेच बऱ्याच कारखान्यांचा आकडा चुकतो. ८० कायम आणि ४० कंत्राटी असतील तर हिशेब १२० वर होतो: कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. नुसत्या ८० वर केला तर २ येतात आणि एक जागा कागदावरच गायब होते.

विद्यावेतनाचे २०१९चे किमान दर असे: पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,०००, दहावी ६,०००, बारावी ७,०००, आयटीआय ७,०००, व्होकेशनल ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. हे किमान आहे, कंपनी जास्त देऊ शकते आणि चांगल्या कंपन्या देतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे साधारण ६,८०० ते १२,३०० ची पट्टी. शिफारस वेगळी आणि अधिसूचना वेगळी, त्यामुळे करारावर सही करण्याच्या दिवशी कुठला दर अधिसूचित आहे ते बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता दाखवून एचआरशी भांडू नका.

सरकारचा वाटा 'नॅप्स'मधून येतो. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, १९ ऑगस्ट २०१६ पासून. किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिना १,५०० च्या वर नाही. आयटीआय फिटरचे २५ टक्के १,७५० होतात, मिळतात १,५००, उरलेले ५,५०० कंपनीने द्यायचे. कंपनी १०,००० देत असेल तरी सरकारचे १,५००च. आठवी पासवाल्याचे १,२५०. ऑगस्ट २०२३ पासून हा वाटा थेट मुलाच्या बँक खात्यात येतो, यालाच डीबीटी म्हणतात. आधी कंपनी पूर्ण रक्कम देऊन मागाहून परतावा मागायची आणि लहान कारखानदार त्या परताव्याच्या फायलीला कंटाळून योजनाच सोडायचा. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांची योजना वेगळी: 'नॅट्स', शिक्षण मंत्रालयाची, पश्चिम विभागाचं बोर्ड मुंबईत. तिथे सरकार किमान दराच्या निम्मे देतं, म्हणजे डिप्लोमाला ४,००० आणि पदवीला ४,५००.

आता धाग्याचा मुद्दा. हे सगळं ज्या एका खुंटीवर टांगलंय ती म्हणजे अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला करार. ऑफर लेटर, आयकार्ड, गेटपास, युनिफॉर्म यातलं काहीही करार नाही. करार झाल्यावर मालकाने सात दिवसांत तो पोर्टलवर भरायचा, शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला (हा सरकारी अधिकारी) हरकत असेल तर त्याने १५ दिवसांत कळवायची आणि ३० दिवसांत नोंदणी करायची, असं कायद्यात लिहिलंय. रुजू होऊन दीड महिना झाला आणि मुलाला स्वतःच्या लॉगिनमध्ये करार क्रमांक दिसत नसेल, तर तो मुलगा कायद्याच्या लेखी अप्रेंटिस झालेलाच नाही. वय १८ च्या आत असेल तर सही पालकाची लागते. किमान वय १४, धोकादायक उद्योगात १८.

---

चाकणकर

मास्तर, नीट मांडलंय. कारखान्याच्या बाजूने भर घालतो.

करार अडकतो तो बहुतेक वेळा चार कारणांनी. पहिलं, नाव. आधारवर 'गणेश बाळू', मार्कशीटवर 'गणेश बाळासाहेब'. ई-केवायसी आधारवरून होतं, त्यामुळे आधी आधार दुरुस्त करा, प्रोफाइल नंतर. दुसरं, जुना करार बंद केलेला नाही. मुलगा मागच्या कंपनीतून चार महिन्यांत निघून आला, त्या कंपनीने पोर्टलवर करार संपवलाच नाही, आता नवा तयार होत नाही. तिसरं, ट्रेड चुकीचा निवडला: मुलगा मशिनिस्ट, पण कंपनीने जागा टाकलीय टर्नरची. चौथं, कंपनीने ऑफर टाकली आणि मुलाने ती लॉगिनमध्ये जाऊन स्वीकारलीच नाही. सायबर कॅफेवाल्याने प्रोफाइल बनवताना स्वतःचा मोबाईल नंबर घातलेला असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. हे चौथं कारण सगळ्यात जास्त.

रुजू होण्याची तारीख आणि कराराची तारीख यात अंतर पडू देऊ नका. मुलगा १ जुलैला आला, करार २० ऑगस्टला झाला, तर मधल्या दिवसांचा सरकारी वाटा गेला. शिवाय वर्ष २० ऑगस्टपासून मोजलं जातं. परीक्षेच्या कट-ऑफ तारखेच्या आत करार पूर्ण झाला नाही तर अख्खी बॅच हुकते.

थर्ड पार्टी अॅग्रीगेटरमार्फत (कंपनी आणि मुलांमधली मध्यस्थ संस्था) घेतलं तरी चालतं, नियमात बसतं. पण कराराच्या कागदावर शिकण्याची जागा कुठल्या आस्थापनेची लिहिलीय ते वाचा. आणि नोंदणीला मुलाकडून एक पैसाही घ्यायचा नसतो. 'प्रोसेसिंग फी' मागितली की समजून जा.

---

वऱ्हाडी_ठेचा

कायद्यानुसार अप्रेंटिस झालाच नाही म्हणजे नेमकं काय बिघडतं? काम तर करतोय, पैसेही मिळतायत.

---

हिशेबनीस

बिघडतं ते बहुतेक मालकाचं, आणि हे मालकांनाच माहीत नसतं.

नोंदलेला अप्रेंटिस पीएफ आणि ईएसआयच्या 'कर्मचारी' व्याख्येतून बाहेर आहे. बोनस आणि ग्रॅच्युइटीतूनही. शिकाऊ उमेदवारी अधिनियमाचं कलम १८ म्हणतं की तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. ही सूट 'या कायद्याखाली नेमलेल्या' अप्रेंटिसला आहे. नुसत्या पत्रावर 'ट्रेनी' म्हणून ठेवलेला मुलगा तपासणीत कर्मचारी ठरू शकतो आणि मग पीएफ-ईएसआयच्या दोन्ही हिश्शांची, मालकाच्या आणि कामगाराच्या, वसुली व्याजासकट मालकाकडून. नीम योजना (कारखान्यात 'ट्रेनी' ठेवायची एआयसीटीईची योजना) बंद झाल्यावर पुण्याच्या पट्ट्यात अशा 'ट्रेनीं'चं नावच फक्त बदललं, पत्र तेच राहिलं. तिथे काळजी घ्या.

मुलाच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट अपघात. नोंदलेल्या अप्रेंटिसला कलम १६ प्रमाणे नुकसानभरपाईचं संरक्षण आहे आणि ती भरपाई मालकाने द्यायची. ईएसआय नसल्यामुळे हा बोजा सरळ मालकावर येतो. म्हणून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची पॉलिसी काढताना अप्रेंटिसची संख्या आणि विद्यावेतन त्यात वेगळं दाखवा. पॉलिसीत फक्त 'कामगार ६०' लिहिलेलं असतं आणि प्रेसवर बोट जातं ते ६१व्या मुलाचं. मग विमा कंपनी हात वर करते. कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा, कल्याणाच्या कायदेशीर तरतुदी अप्रेंटिसलाही लागू आहेत, त्यामुळे सेफ्टी शूज आणि गॉगल 'फक्त परमनंटला' हे चालत नाही.

ओव्हरटाइमचं बहुतेकांना ठाऊक नसतं. सल्लागाराच्या परवानगीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावताच येत नाही, आणि शिकण्याच्या किंवा सार्वजनिक हिताचं असल्याशिवाय त्याने ती द्यायची नाही. कामाचे तास मात्र २०१४ नंतर आस्थापना ठरवते. सुट्ट्या त्या आस्थापनेत पाळल्या जातात त्याच. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत.

आता मास्तरांनी सोडलेलं दंडाचं गणित. २०१४च्या दुरुस्तीने ठरवलं की कमी पडलेल्या प्रत्येक अप्रेंटिसमागे पहिले तीन महिने ५०० रुपये महिना, पुढे जागा भरेपर्यंत १,००० महिना. वरच्या १२० माणसांच्या कारखान्याने वर्षभर तिन्ही जागा रिकाम्या ठेवल्या तर एका जागेचे १,५०० अधिक ९,०००, म्हणजे १०,५००. तिघांचे ३१,५००. आणि तीन आयटीआय फिटर ठेवले तर कंपनीच्या वाट्याचे ५,५०० गुणिले ३६, म्हणजे १,९८,०००. दंड भरणं सहापटीहून स्वस्त! अर्थात अप्रेंटिस कामही करतो, त्यामुळे हा हिशेब एवढ्यावर संपत नाही, पण 'बंधनकारक' या शब्दाला किती वजन आहे ते कळतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

मग ज्या कंपन्या घेतात त्या स्वस्तात मजूर मिळतो म्हणूनच घेतात, असंच ना?

---

तासिका

काही तशाच घेतात. ओळखायचं कसं ते सांगते. आम्हा निदेशकांच्या, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांच्या, नजरेतून लॉगबुक हा पहिला पुरावा.

लॉगबुकात 'मशीन शॉपमध्ये काम केले' असं सहा आठवडे ओळीने लिहिलेलं असेल तर मुलगा शिकत नाहीये, वाहतोय. नोंद कशी हवी? 'एमएस प्लेट १२ मिमी, मार्किंग, सेंटर पंच, ८.५ ड्रिल, काउंटरसिंक, एम१० टॅप, तीन टॅपचा सेट क्रमाने, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे, कटिंग ऑइल. दोन भोकांत टॅप तिरका गेला, काटकोन गुण्याने दोन बाजूंनी तपासला नव्हता.' अशी नोंद एका आठवड्याची असली की परीक्षक दोन मिनिटांत ओळखतो पोरगा कुठे उभा आहे. ८.५ च्या जागी ८ चं ड्रिल मारलं की टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मोडतो, ९ चं मारलं की आटे उथळ बसतात. हे पुस्तकातही असतं, पण मोडलेला टॅप काढायला अर्धा दिवस गेला की पक्कं होतं.

सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) तर फरक अजून स्पष्ट दिसतो. वर्षभर जॉब लावणे, दार बंद, हिरवं बटण, जॉब काढणे, पेटीत ठेवणे: हे लोडिंग. ऑपरेटर होण्यासाठी निदान एवढं यायला हवं: बाहेरचा व्यास २५.०० हवा, मायक्रोमीटरवर २५.०३ आला, तर वेअर ऑफसेटच्या पानावर (टूल झिजल्याची दुरुस्ती भरतात ते) त्या टूलच्या एक्समध्ये –०.०३ टाकायचे (व्यासात प्रोग्रॅमिंग असेल तर, त्रिज्येत असेल तर निम्मे), पुढचा जॉब काढून परत मोजायचा. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलल्यावर पहिला जॉब कधी सरळ पेटीत टाकायचा नाही. एवढंसुद्धा न शिकवता बारा महिने गेले असतील तर ते प्रशिक्षण नाही.

म्हणून करार करण्याआधी विचारा: कुठल्या विभागात किती आठवडे? फिटरचं उदाहरण घ्या: बेंचवर किती, असेंब्लीत किती, मेंटेनन्सला किती. चांगल्या कंपनीकडे हा फिरतीचा तक्ता छापील असतो.

परीक्षेचं थोडं. नेमून दिलेल्या, म्हणजे सरकारी यादीतल्या, ट्रेडची परीक्षा प्रशिक्षण महासंचालनालयाची, अखिल भारतीय, लेखी भाग संगणकावर. पास झालं की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी. ऑप्शनल ट्रेडचं मूल्यमापन साधारणपणे त्या क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत होतं, त्यामुळे सरकारी जाहिरातीत 'एनएसी आवश्यक' असेल तर ऑप्शनलचं प्रमाणपत्र चालेलच असं धरून चालू नका. आयटीआय न करता थेट दहावीवर आलेल्या फ्रेशरला आधी मूलभूत प्रशिक्षण लागतं, साधारण ५०० तास, कंपनीत सोय नसेल तर आयटीआयच्या मूलभूत प्रशिक्षण (बीटीआरआय) केंद्रात. आयटीआय झालेल्याला ते माफ. कंपन्या फ्रेशरपेक्षा आयटीआयवाला घेतात ते मुख्यतः याच ५०० तासांमुळे.

---

ऱ्हाईनकाठ

लॉगबुकावरून आठवलं, इथे जर्मनीत त्याला 'बेरिष्ट्सहेफ्ट' म्हणतात आणि ते पूर्ण, सही केलेलं नसेल तर अंतिम परीक्षेला बसूच देत नाहीत. एवढ्या एका अटीने अर्धी शिस्त लागते. कंपनीत आठवड्याचे तीन-चार दिवस, व्यवसाय शाळेत एक-दोन दिवस, औद्योगिक मेकॅनिकला साडेतीन वर्षं. परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग चेंबर घेतं, त्यामुळे कंपनीने शिकवलं नाही तर ते चेंबरच्या निकालात उघडं पडतं. पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन २०२५ मध्ये महिना ६८२ युरो. ऐकायला मोठं वाटतं, पण मोठ्या शहरात खोलीच्या भाड्यात बरंचसं जातं.

महाराष्ट्र सरकारचा बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार झाला, तेव्हापासून तिकडच्या मुलांचे प्रश्न वाढलेत. भाषेचं आधी बघा. जर्मन भाषेचं बी१ (मध्यम पातळी) प्रमाणपत्र हातात असूनही शाळेतला 'श्निटगेश्विंडिग्काइट' म्हणजे कटिंग स्पीडचा तास डोक्यावरून जातो.

---

तासिका

कटिंग स्पीडचा तास मराठीतही डोक्यावरून जातो हो!

आपल्याकडे त्याच धर्तीवर 'ड्युअल सिस्टीम' आहे, फार कुणी विचारत नाही. आयटीआयने कंपनीशी सामंजस्य करार करायचा. एक वर्षाच्या ट्रेडला ३ ते ६ महिने आणि दोन वर्षांच्या ट्रेडला ६ ते १२ महिने प्रशिक्षण कंपनीत. प्रवेश घेताना आपला ट्रेड ड्युअलमध्ये आहे का ते प्राचार्यांच्या कार्यालयात विचारा. जिथे नीट चालतं तिथली मुलं पुढे अप्रेंटिसशिपला गेली की पहिल्याच आठवड्यात मशीनवर उभी राहतात.

---

मृणाल_न

पीएम इंटर्नशिप आणि राज्याची 'युवा कार्य प्रशिक्षण' हीसुद्धा अप्रेंटिसशिपच ना? मुलं तिन्ही अर्ज एकदम भरतात.

---

लेथमास्तर

नाही, मृणालताई, आणि तिन्ही एकदम भरण्यात धोका आहे.

पीएम इंटर्नशिप ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाली. त्या फेरीत वय २१ ते २४, बारा महिने, महिना ५,००० (४,५०० सरकारचे, ५०० कंपनीच्या सीएसआरमधून), वर एकदाच ६,०००. १९६१चा कायदा तिला लागत नाही, एनएसी मिळत नाही. आणि मेख अशी की त्या प्रायोगिक फेरीच्या नियमांत, ज्याने आधी नॅप्स किंवा नॅट्सखाली अप्रेंटिसशिप पूर्ण केलीय तो अपात्र. म्हणजे क्रम महत्त्वाचा.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ची. वय १८ ते ३५, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. आधी सहा महिने होती, मग पाच वाढवून अकरा केले. आस्थापनेला खिशातून काही द्यावं लागत नाही, म्हणून जागा भराभर निघाल्या. पण बऱ्याच ठिकाणी काम कार्यालयीन, हातात ट्रेड येत नाही. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनने ८,००० बघून तिकडे जाणं मला पटत नाही. ७,००० घेऊन नोंदलेली अप्रेंटिसशिप करावी, कारण एनएसी पुढे महावितरण, एसटी, रेल्वे, आयुधनिर्माणी अशा ठिकाणच्या जाहिरातींत उपयोगी पडतं. रेल्वेत लेव्हल-१च्या थेट भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी ठेवतात. आणि रेल्वेत अप्रेंटिस म्हणून निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते, त्यामुळे 'दहावीचे मार्क कोण विचारतं' असं नववीतल्या पोराला सांगू नका.

कायम करण्याचं: कलम २२ प्रमाणे कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं, सक्ती नाही. १९९५च्या उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं असं म्हटलं. प्राधान्य म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे वकिलाकडे पैसे घालवण्याआधी समजून घ्या.

---

सांगोला_मेल

डीबीटीचे १,५०० चार-चार महिने येत नाहीत. कंपनी म्हणते सरकारला विचारा, पोर्टल म्हणतं कंपनीला.

---

चाकणकर

दोन ठिकाणी बघायचं, याच क्रमाने.

आधी कंपनीकडे. कंपनीने आपला हिस्सा दिल्याची नोंद पोर्टलवर त्या-त्या महिन्यासाठी टाकावी लागते. ती नसेल तर सरकारी वाटा हलतच नाही. लहान कारखान्यात हे काम अकाउंटंटकडे असतं आणि तो जीएसटी रिटर्नच्या गडबडीत तीन महिन्यांचं एकदम टाकतो. पोर्टलवर महिन्यानुसार स्थिती दिसते, तिचा स्क्रीनशॉट घेऊन त्याच्यासमोर जा.

ते झालेलं असेल तर बँक. खात्याला आधार जोडलेला असणं म्हणजे केवायसी. डीबीटीला तेवढं पुरत नाही, खातं एनपीसीआयच्या मॅपरवर (कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे त्याची यादी) असावं लागतं, आणि एका आधारामागे तिथे एकाच बँकेचं नाव राहतं, शेवटी सीडिंग, म्हणजे तिथे नोंद, केलेल्या. म्हणून होतं असं की मुलगा नव्या पगार खात्याकडे डोळे लावून बसलेला असतो आणि १,५०० दर महिन्याला शिष्यवृत्तीसाठी आठवीत उघडलेल्या गावाकडच्या खात्यात पडत असतात. मायआधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव दिसतं. बदलायचं असेल तर नव्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज द्यायचा. नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं की काउंटरवरचा माणूस केवायसी करून परत पाठवतो, म्हणून अर्जावर 'डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग' असे शब्द लिहा.

तिसरा, कमी दिसणारा प्रकार म्हणजे जनधनच्या काळात पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेलं 'स्मॉल अकाउंट'. त्यात शिल्लक ५०,०००च्या वर चालत नाही, वर्षाला १ लाखाच्या वर जमा चालत नाही, महिन्याला १०,०००च्या वर काढता येत नाही. कंपनी १०,००० देत असेल तर वर्षाच्या शेवटी खातं अडतं. पूर्ण केवायसी करून साधं बचत खातं करून घ्या.

---

वऱ्हाडी_ठेचा

आता ते आयटीआय सुधारायचं पीएम-सेतू आलंय ना, ६०,००० कोटींचं. त्याने काही बदलेल?

---

तासिका

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, ४ ऑक्टोबर २०२५ला सुरू झालं. देशभरातल्या १,००० सरकारी आयटीआय, त्यातल्या २०० हब (मुख्य केंद्रं) आणि ८०० स्पोक (त्यांना जोडलेल्या). ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० राज्यांचे, १०,००० उद्योगांचे. एकट्या महाराष्ट्रात सरकारी आयटीआय चारशेहून जास्त आहेत, तेव्हा देशाच्या एक हजारात आपल्या वाट्याला किती येतील त्याचा अंदाज करा. म्हणजे बहुतेकांचं पुढेही नेहमीच्याच अनुदानावर चालणार.

यंत्रं येतील याबद्दल शंका नाही. अडतं ते रोजच्या खर्चाच्या सामानावर. फिटरची तुकडी २० जणांची. प्रत्येकाला फायलिंगचा एक एमएस तुकडा, हॅकसॉची पाती, ड्रिल, टॅप. वेल्डरला तर रॉडशिवाय तासच होत नाही. सामान संपलं की एकच तुकडा चार जणांत फिरतो, पहिला घासतो, बाकीचे तिघे बघतात. पाच अक्षांचं मशीन आणलं आणि त्यावर घालायला अॅल्युमिनियमचा ठोकळा नाही, निदेशकाची जागा रिकामी, तर त्यावर कापडच घातलेलं राहतं. उद्योगाला कारभारात बसवणार आहेत हे मला चांगलं वाटतं. त्यांनी पहिल्या बैठकीत 'कच्च्या मालाची तरतूद दर प्रशिक्षणार्थी किती' हा प्रश्न विचारला तर अजून चांगलं.

---

हिशेबनीस

याच्याशी अर्धा असहमत. उद्योग आला की तो त्याच्या एका मशीनपुरतं शिकवून घेईल. चाकणला लागणारा माणूस आणि चंद्रपूरला लागणारा माणूस वेगळा. अभ्यासक्रम ट्रेडचाच राहिला पाहिजे.

---

तासिका

तो धोका आहेच. पण आज जो मुलगा बाहेर पडतो त्याला एकही मशीन येत नसेल तर 'एकाच मशीनचं येतं' ही तक्रार करायची वेळ तरी येऊ दे.

---

सांगोला_मेल

डीबीटीचं कळलं, धन्यवाद. आता शेवटचं: मधेच सोडायचं असेल, किंवा कंपनीने काढलं तर?

---

हिशेबनीस

करार संपवायला कलम ७ प्रमाणे सल्लागाराकडे अर्ज करायचा. नुसतं यायचं बंद केलं तर करार पोर्टलवर चालूच दिसतो आणि वर चाकणकरांनी लिहिलेली अडचण पुढच्या कंपनीत येते. १९९२च्या नियमांप्रमाणे मालकाच्या चुकीने करार मोडला तर तो शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतकी भरपाई देतो. उमेदवाराच्या चुकीने मोडला तर तेवढीच रक्कम त्याच्याकडून किंवा पालकाकडून प्रशिक्षणाचा खर्च म्हणून वसूल होऊ शकते. त्यामुळे सोडताना कारण लेखी द्या, आजारपण असेल तर कागद जोडा.

वाद असेल तर कलम २०, सल्लागारच निर्णय देतो, त्यावर ३० दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील. कुठला सल्लागार ते कंपनीवर ठरतं: केंद्राचे उपक्रम आणि चार किंवा जास्त राज्यांत धंदा असलेल्या आस्थापना केंद्राकडे, बाकीच्या राज्याकडे, म्हणजे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या यंत्रणेकडे. मोठ्या कंपनीची तक्रार जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये देऊन लोक तीन महिने वाट बघतात आणि ती 'आमच्या कक्षेत नाही' म्हणून परत येते.

---

चाकणकर

आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत करार क्रमांक लिहा. तो नसेल तर अर्ज कोणत्या टेबलावर पाठवायचा हेच तिथल्या माणसाला कळत नाही.